जुनं फिशिंग रीळ घरी साफ करणं आणि गंज काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी रिळं गंजाने मरतात त्याहून जास्त साफ करणाऱ्याच्या उत्साहाने मरतात. व्हिनेगरची बाटली आणि वाटी घेऊनच बसला असाल, तर ती जरा बाजूला ठेवा आणि निदान पहिले तीन प्रश्न वाचून घ्या.

रीळ हातात आलंय, पण हँडल जागचं हलत नाही. सुरुवात कुठून करू?

जोर न लावण्यापासून. जाम झालेलं हँडल दोन्ही हातांनी ओढून फिरवलं की आतल्या गिअरचे दात जातात. बऱ्याच जुन्या रिळांत मोठा गिअर पितळी असतो आणि त्याला चिकटून फिरणारा छोटा पिनियन स्टीलचा; या झटापटीत पितळ हरतं. असा गिअर आज मिळणं म्हणजे नशीब.

जुनी दोरी आधी कापून काढा. दोरीच्या वेढ्यांखाली मीठ आणि ओल वर्षानुवर्षं दबून राहते, त्यामुळे स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, तळाशीच सगळ्यात जास्त खाल्लेला असतो. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून बाहेरून मऊ ब्रशने धुवा, पुसा, वाळू द्या. त्यानंतर हँडलचा दांडा, स्पूलचा आस, बेलचे (दोरी स्पूलकडे वळवणाऱ्या तारेच्या कमानीचे) सांधे आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी हँडल हलकेच मागे-पुढे करून बघा. बऱ्याचदा रीळ गंजाने जाम नसतंच; आत वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस असतं.

गंज म्हणजे गंजच ना? पांढरा, हिरवा, तांबडा यात फरक काय पडतो?

सगळा फरक तिथेच आहे, कारण औषध धातूप्रमाणे बदलतं.

तांबडा-तपकिरी गंज म्हणजे लोखंड किंवा स्टील. हा सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खात राहतो, म्हणून तो पूर्ण काढावाच लागतो. हिरवा किंवा निळसर थर म्हणजे तांबं-पितळ कळकलंय. हा थर पातळ आणि घट्ट बसलेला असेल तर खालच्या धातूला एक प्रकारे संरक्षणच देतो. पांढरी, खडूसारखी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम, जस्ताचा ओतीव भाग किंवा मॅग्नेशियम. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. ती आट्यांत साचली की स्क्रू बाहेरून ठीकठाक दिसतो आणि आतून पाचर मारल्यासारखा अडकतो.

याशिवाय एक चौथा प्रकार आहे आणि रिळांत तोच सगळ्यात जास्त सापडतो: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी. ही झाली एक छोटी बॅटरीच. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेस स्क्रू असेल तर स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम झिजत जातं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; बॅटरी चालायला तेवढे पुष्कळ झाले.

माझं रीळ कशाचं बनलंय हे कसं ओळखू?

चुंबक, वजन आणि एक बारीक ओरखडा.

चुंबक घट्ट चिकटला तर स्टील. स्टेनलेसचे काही प्रकार चिकटतात, काही नाही, त्यामुळे नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका. मग भाग हातात तोलून बघा. मॅग्नेशियमची घनता १.७ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७, जस्ताची ७.१ आणि पितळेची साधारण ८.५. जस्त आणि ॲल्युमिनियम रंगाला सारखे दिसले तरी हाताला लगेच कळतात. शेवटी, न दिसणाऱ्या जागी सुईने ओरखडा काढा. चकाकत्या पांढऱ्या मुलाम्याखाली पिवळा रंग दिसला तर क्रोम किंवा निकेल चढवलेलं पितळ.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९३२ साली सुरू झालेल्या पेन कंपनीच्या जुन्या मल्टिप्लायर (हँडल फिरवलं की स्पूलच फिरतो अशा) रिळांत क्रोमचढवं पितळ आणि बेकेलाइटच्या, म्हणजे एका जुन्या कडक प्लास्टिकच्या, बाजूच्या तबकड्या हा मेळ नेहमी दिसतो. फ्रान्सच्या मिशेल ३०० सारख्या जुन्या स्पिनिंग (स्पूल न फिरता बेल त्याच्याभोवती फिरते अशा) रिळांची बॉडी ॲल्युमिनियमची, वर काळा रंग. म्हणजे एकाच टेबलावर शेजारी बसलेल्या या दोन रिळांना एकच द्रव चालेल, अशी खात्री नाही.

उघडायला कोणती हत्यारं लागतात? आणि परत जोडता येईल ना?

खाचेत गच्च बसणारे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, एक-दोन छोटे पाने, चिमटा, जुने टूथब्रश, दात कोरायच्या काड्या, कापूस लावलेल्या कानकाड्या, मऊ सुती फडकं. बस. ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. खाचेपेक्षा अरुंद किंवा टोकाला गोल झालेला ड्रायव्हर जुन्या मऊ स्क्रूचं डोकं एका फेरीत सोलून काढतो.

परत जोडता येईल का, हे तुम्ही उघडताना काय करता त्यावर आहे. प्रत्येक भाग काढायच्या आधी फोन काढा आणि फोटो घ्या; काढल्यावर नव्हे, आधी. वॉशर कोणत्या बाजूने बसला होता, स्प्रिंगचं वाकडं टोक कुठे अडकलं होतं, हे आपल्याला लक्षात राहील असं वाटतं आणि अजिबात राहत नाही. टेबलावर जाड टॉवेल पसरा म्हणजे पडलेलं उडणार नाही, आणि बर्फाच्या ट्रेच्या खणांत काढलेल्या क्रमाने भाग ठेवत जा. मी एकदा "एवढंसं तर आहे" म्हणून ट्रे न घेता बेटकास्टर (दांडीच्या वर बसणारं छोटं मल्टिप्लायर) उघडलं. शेवटी हातात एक पातळ पितळी वॉशर उरला. तो कुठला हे शोधायला रीळ तीनदा खोलावं लागलं. तो हँडलच्या दांड्याखालचा होता.

स्प्रिंग उडणार अशी शंका आली तर रीळ आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तेवढा भाग उघडा. बघणारा हसेल. स्प्रिंग मात्र सापडेल.

स्क्रू सुटतच नाही. आता?

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून पायऱ्या नीट सांगतो.

खाचेतली घाण आधी सुईने खरवडून काढा. ड्रायव्हर तळापर्यंत बसला नाही तर तो घसरणारच. मग पातळ भेदक तेलाचा एक थेंब सोडून किमान काही तास थांबा, जमलं तर दिवसभर, मध्येमध्ये ताजा थेंब देत. ड्रायव्हर खाचेत उभा धरून त्याच्या मागच्या टोकावर हलक्या हाताने चार-पाच टिचक्या मारा. या कंपनांनी आट्यांतली भुकटी तडकते आणि तेलाला वाट मिळते. आता स्क्रू आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवा. हे उलटं वाटतं, पण अडकलेला सांधा मोडायला दोन्हीकडचा हिसका लागतो.

तरीही नाही? तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा-एक मिनिट टेकवा, निवू द्या, परत तेल, परत प्रयत्न. तापताना आणि निवताना स्क्रू आणि बॉडी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि पकड सैल होते. तापवायच्या आधी आधीचं तेल नीट पुसून घ्या. शेजारी बेकेलाइट, प्लास्टिक किंवा रंग असेल तर ही युक्ती विसरा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समप्रमाणात मिसळून केलेलं घरगुती मिश्रण आट्यांत चांगलं शिरतं, पण ॲसिटोन रंग आणि बरीचशी प्लास्टिकं विरघळवतं आणि झटकन पेट घेतं. त्यामुळे ते फक्त उघड्या धातूला, खिडकी उघडी ठेवून, आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या आसपास अजिबात नको.

आणखी एक गोष्ट: काही रिळांत हँडलचा स्क्रू किंवा रोटरचा (बेल बसवलेल्या फिरत्या भागाचा) नट उलट्या आट्यांचा असतो. सगळे स्क्रू सुटले आणि हा एकच अडून बसलाय, तर आपण त्याला आवळत तर नाही ना, हे तपासा.

आतलं जुनं ग्रीस पिवळट-हिरवं, चिकट दगड झालंय. ते कशाने जाईल?

धातूच्या भागांचं रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून, ब्रशने. एका बैठकीत नाही गेलं तर रात्रभर ठेवा. दातांच्या खाचांतला शेवटचा थर लाकडी काडीने निघतो. सुई किंवा चाकू तिथे नको. नंतर भाग द्रवसाबणाने धुवून कोरडे करा, नाहीतर रॉकेलचा तेलकट थर नव्या ग्रीसला पातळ करतो.

प्लास्टिकच्या आणि ग्राफाइटच्या भागांना फक्त साबणपाणी. रबरी सील रॉकेलने फुगतात. पेट्रोल वापरू नका; त्याची वाफ खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते आणि घरातली ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. ग्रीस हिरवं दिसलं तर घाबरायचं कारण नाही: त्यातल्या आम्लांनी पितळेचं तांबं थोडं विरघळवलेलं असतं.

व्हिनेगर चालतं का? किती वेळ ठेवायचं?

चालतं, पण ज्याला चालतं त्यालाच.

साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. सुटा केलेला, मुलामा नसलेला स्टीलचा भाग, म्हणजे स्क्रू, खटके, दांडे, यात काही तास ठेवला तर गंज मऊ होतो आणि ब्रशने निघून येतो. दर तासाला उचलून बघा. "रात्रभर ठेवा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. जाड लोखंडी भागाला तो ठीक आहे, बारीक आट्यांच्या स्क्रूला नाही. कडक स्टीलच्या स्प्रिंगा आम्लात फार वेळ राहिल्या तर ठिसूळ होतात आणि नंतर एखाद्या दिवशी अचानक तुटतात. बेलची स्प्रिंग मी व्हिनेगरात टाकतच नाही, तेल आणि पितळी तारांच्या ब्रशने जेवढं जाईल तेवढंच घालवतो.

पितळेला काही मिनिटं पुरतात. जास्त ठेवलंत तर पितळ गुलाबी दिसायला लागतं. ते घाणीखालचं खरं रूप नव्हे. पृष्ठभागावरचं जस्त निघून गेलंय आणि तांबं उरलंय. गिअरच्या दातांना हे परवडत नाही.

जस्ताचे ओतीव भाग, मॅग्नेशियम, रंगवलेले किंवा ॲनोडाइझ केलेले (विजेने ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेले) ॲल्युमिनियमचे भाग, चामड्याचे वॉशर: यांना व्हिनेगर वर्ज्य. बुडवल्याबरोबर बुडबुडे यायला लागले तर औषध लागू पडलंय असं समजू नका. चांगला धातू विरघळतोय. लगेच बाहेर काढा.

व्हिनेगरनंतरचं काम जास्त महत्त्वाचं आहे. भाग स्वच्छ पाण्यात खळबळा, मग एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात पाच मिनिटं बुडवा, परत धुवा आणि ताबडतोब कोरडा करून तेलाचा हात फिरवा. उघडं झालेलं स्टील ओलं राहिलं तर काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक येते. भाग निथळत ठेवून आपण फोन घ्यायला गेलो आणि परत आलो की ती स्वागताला हजर असते.

लिंबूसत्त्व, कोला, टूथपेस्ट, ब्लीच?

सायट्रिक ॲसिड म्हणजेच लिंबूसत्त्व उत्तम. लिटरभर कोमट पाण्यात २० ते ५० ग्रॅम, नियम व्हिनेगरचेच, वास मात्र कमी. कोलामध्ये थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं, गंजावर काम करतं, पण साखरेचा चिकटा धुवत बसावा लागतो. टूथपेस्ट सौम्य पॉलिश म्हणून ठीक. ब्लीच अजिबात नको: ते स्टेनलेससुद्धा खातं, आणि व्हिनेगर किंवा कोणत्याही आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेली क्लीनर पितळेपासून लांब ठेवा. ताणाखाली असलेल्या पितळेला त्याने तडे जातात.

क्रोमवर तपकिरी ठिपके आलेत. घासू का?

ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने चोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, पण गंजापेक्षा चिवट. त्यामुळे ठिपका निघतो आणि मुलाम्यावर ओरखडे उठत नाहीत. लोखंडी वूलच वापरायचं असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांचं, आणि तेल लावून. काम झाल्यावर त्याचे तुकडे कसोशीने टिपून घ्या, कारण जिथे राहतात तिथे तेच गंजतात.

क्रोमचा थर फार पातळ असतो. पापुद्रे उचलले गेले असतील किंवा खालचं पितळ हिरवं डोकावत असेल तर ते घरी भरून येणार नाही. तिथे स्वच्छ करून मेण लावणं आणि वाढ थांबवणं एवढंच.

ॲल्युमिनियमवरचा पांढरा भुगा कसा काढायचा?

कोरड्या नायलॉनच्या ब्रशने जेवढा उडेल तेवढा उडवा. उरलेल्यावर तेल लावून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. उघड्या, रंग नसलेल्या ॲल्युमिनियमवर हट्टी डाग असेल तर कापसाला व्हिनेगर लावून तेवढ्याच जागी पाच-दहा मिनिटं ठेवायला हरकत नाही. नंतर भरपूर पाणी.

धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा, ओव्हन साफ करायचे फवारे आणि भांडी धुण्याच्या मशीनमधल्या टिकिया यांपैकी काहीही नको. हे सगळे अल्कलीयुक्त असतात आणि ॲल्युमिनियम काळवंडवतात किंवा सरळ विरघळवतात. सोनेरी, काळी किंवा रंगीत ॲनोडाइझिंग एकदा गेली की गेली.

पितळी रीळ आरशासारखं चमकवू का?

तुमचं रीळ आहे, पण माझं मत विचारलंत तर नको. जुन्या पितळी आणि निकेल-सिल्व्हरच्या रिळांवर चढलेली गडद झळाळी हीच त्यांच्या वयाची खूण असते, आणि संग्राहक ती शोधत असतात. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या रिळावरची कोरलेली अक्षरं आणि नंबर गुळगुळीत होतात. मग ते रीळ कुणाचं, केव्हाचं हे सांगायला काही उरत नाही. साबणपाणी, तेलाचं बोट, मऊ फडकं, वरून पातळ मेण. यानेच ते पुरेसं देखणं दिसतं.

एका परिस्थितीत मात्र हस्तक्षेप करायलाच हवा. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड पुसली आणि दमट दिवसांत त्याच खड्ड्यांतून परत वर आली, तर धातूच्या आत क्लोराइड अडकलंय. ओल मिळाली की ते पुन्हा पुन्हा पितळ खातं. असा भाग सुटा करून, पूड खरवडून, पाणी बदलत बदलत बरेच दिवस भिजवत ठेवायचा, मग हळू उष्णतेवर पूर्ण वाळवून मेण किंवा लॅकरने बंद करायचा. नुसतं पॉलिश मारलं तर रोग झाकला जातो, जात नाही.

बाजूच्या तबकड्या काळ्या, प्लास्टिकसारख्या आहेत. त्या कशा धुवायच्या?

त्या बहुधा बेकेलाइटच्या किंवा एबोनाइटच्या असतील. बेकेलाइट हे १९०७ सालचं, पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक; उष्णता सोसतं, पण आपटलं की तडकतं आणि जुन्या तबकड्या स्क्रू जास्त आवळले तरी भेगाळतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर गंधकाचा वास येतो, तीच ओळख. एबोनाइटला गरम पाणी आणि ऊन दोन्ही वर्ज्य. काळा रंग हिरवट-तपकिरी होतो. दोघांनाही थंड पाणी, सौम्य साबण, लगेच पुसणं.

लाकडी सेंटरपिन रीळ (स्पूल मधल्या आसावर सरळ फिरतो असं साधं रीळ) असेल तर पाण्यात बुडवूच नका. लाकूड फुगून स्पूल अडकतो आणि वाळताना चिरतो.

बेअरिंग खरखरतंय. साफ होईल की बदलायचं?

आधी साफ करून बघा. कडेच्या पातळ तारेची गोल क्लिप सुईने उचकटली की झाकण निघतं (सगळ्या बेअरिंगची झाकणं निघत नाहीत, दाबून बसवलेली असतील तर तशीच ठेवा). आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा टर्पेंटाइनच्या छोट्या बाटलीत टाकून हलवा, द्रव बदला, परत हलवा. वाळल्यावर पेन्सिलीच्या टोकावर चढवून बोटाने फिरवा. दाबाच्या हवेने भिरभिरवायचा मोह आवरा. कोरड्या बेअरिंगच्या गोळ्यांना आणि रुळांना त्यानेच इजा होते.

गुळगुळीत फिरलं तर पातळ तेलाचे एक-दोन थेंब आणि काम संपलं. साफ करूनही अडखळत असेल तर आत खड्डे पडलेत. त्यावर इलाज नाही, बदला. वाईट वाटून घेऊ नका, बेअरिंग ही रिळातली सगळ्यात सहज मिळणारी वस्तू आहे: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि त्या मापाचं आणायचं. ३ × १० × ४ हे बेटकास्टरच्या स्पूलला खूपदा सापडणारं माप. आणि हो, स्टेनलेसचं बेअरिंगही खाऱ्या पाण्यात गंजतं.

ड्रॅगचे वॉशर धुतले तर चालतील का?

कशाचे आहेत त्यावर. ड्रॅग म्हणजे मासा ओढ देतो तेव्हा दोरी अडवत अडवत सोडणारा रिळातला ब्रेक; हे वॉशर त्याचेच. ते रचलेल्या क्रमानेच काढा आणि तारेत ओवून ठेवा.

फेल्टचे वॉशर मिठाने कडक झाले असतील तर बदला, नसतील तर साबणपाण्याने धुवून, वाळवून ड्रॅगचं ग्रीस चोळा. चामड्याचे असतील तर पुसून हलकं तेल मुरवा. कार्बन फायबरचे अल्कोहोलने पुसून कोरडे किंवा ड्रॅग-ग्रीसचा अगदी पुसटसा हात देऊन बसवा. मधल्या धातूच्या चकत्यांवरचा गंज सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, चकती त्यावर फिरवून काढा. हातात धरून घासल्या तर त्या उंचसखल होतात आणि मासा ओढताना ड्रॅग झटके देतो.

खूप जुन्या रिळांतले करडे-तपकिरी, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखे किंवा विणल्यासारखे दिसणारे वॉशर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना घासू नका, खरवडू नका, फुंकर मारू नका. ओले करा, पिशवीत बंद करा आणि नवे कार्बनचे घाला.

अल्ट्रासॉनिक मशीन किंवा बॅटरी चार्जरने इलेक्ट्रोलिसिस?

अल्ट्रासॉनिक छोट्या गिअर आणि बेअरिंगसाठी झकास, रंग सुटत आलेल्या भागांसाठी नाही. त्यात पेट घेणारा द्रव थेट ओतू नका. इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यात वीज सोडून गंज काढणं, फक्त लोखंड-स्टीलसाठी. हायड्रोजन सुटतो, आणि स्टेनलेसचा तुकडा इलेक्ट्रोड म्हणून लावला तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. रिळातले स्टीलचे भाग इतके छोटे असतात की एवढी उठाठेव मला कधी पटली नाही.

गंज गेला, पण खड्डे राहिले. ते भरता येतात?

नाही. गंज म्हणजे गेलेला धातूच. खड्डा दोरी जाते त्या जागी, म्हणजे स्पूलच्या ओठावर किंवा बेलच्या लाइन रोलरवर (दोरी ज्यावरून वळते त्या छोट्या चाकावर) असेल तर मात्र दुर्लक्ष करू नका. कापसाचा बोळा त्या कडेवरून फिरवा. धागे अडकले तर दोरीही कापली जाणार. बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करा. रोलर फिरत नसेल तर बदला. इतर ठिकाणचे खड्डे मेण किंवा ग्रीसने भरलेले ठेवा म्हणजे त्यांत पाणी बसणार नाही.

तेल कुठे, ग्रीस कुठे? आणि डब्ल्यूडी-४० दिलं की झालं ना?

जे वेगाने फिरतं त्याला तेल, जे जोर सोसतं त्याला ग्रीस. स्पूलची बेअरिंग, लाइन रोलर, हँडलचे मुठीचे दांडे, बेलचे सांधे: तेल, एकेक थेंब. मुख्य गिअर आणि स्पूल मागे-पुढे नेणारा सरकता भाग: ग्रीस, दात भरतील इतकं, डबा भरेल इतकं नाही. बेटकास्टरमधला दोरी समान पसरवणारा आडवा मळसूत्री दांडा ग्रीसने वाळू धरतो, म्हणून तिथे तेल.

जोडताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावा. वर सांगितलेली बॅटरी तिथेच तोडता येते, आणि पाच वर्षांनी तुम्हीच स्वतःचे आभार मानाल.

डब्ल्यूडी-४० च्या नावातच उत्तर आहे. पाणी हटवणारं द्रव्य, चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली ते तयार झालं तेच मुळी ओल हाकलून गंज रोखायला. भिजलेलं रीळ वाचवायला, चिकटा सोडवायला छान. पण त्याच्या फवाऱ्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो थर गिअरचा जोर पेलत नाही. ते मारून खरं तेल-ग्रीस द्यायचं राहिलं तर रीळ आठवडाभर लोण्यासारखं फिरतं, मग कुरकुरायला लागतं.

सगळं जोडलं, पण हँडल आता उलटंही फिरतंय.

अँटी-रिव्हर्स, म्हणजे हँडलला उलटं फिरू न देणारी यंत्रणा, लागत नाहीय. जुन्या रिळांत तो एक छोटा खटका आणि स्प्रिंग असते. खटका उलटा बसलाय का किंवा जाड ग्रीसमध्ये रुतलाय का ते बघा. फोटो इथे कामी येतात. नव्या रिळांत एका दिशेनेच फिरणारं रोलर-क्लच बेअरिंग असतं, आणि त्यात ग्रीस गेलं की रोलर पकड घेण्याऐवजी घसरतात. ते अल्कोहोलने धुवून जवळजवळ कोरडंच ठेवायचं.

हँडल जड झालं असेल तर बहुतेक वेळा ग्रीस जास्त झालंय किंवा एखादा वॉशर जागा चुकलाय. चांगलं फिरून मध्येच टकटक वाजत असेल तर गिअरच्या एका दातात कण अडकलाय, परत उघडा.

एवढी मेहनत केली, पुन्हा गंजू नये म्हणून काय करायचं?

मिठाचा पिच्छा पुरवायचा. वाळलेलं मीठ निरुपद्रवी दिसतं, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. म्हणजे कपाटात ठेवलेलं, न धुतलेलं रीळ दर दमट रात्री पुन्हा समुद्रात जाऊन येतं.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका फवारा द्या. जोराची धार नको. ती मीठ धुवत नाही, सीलच्या आत ढकलते. झटका, पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून सपाट होतात. बाहेरून तेलाच्या फडक्याचा एक हात. निओप्रीनच्या किंवा प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओलं रीळ कधीच नाही; कापडी पिशवी आणि शेजारी सिलिका जेलची पुडी बरी.

कोणतं रीळ सरळ सोडून द्यावं?

बॉडीला किंवा पायाला तडा असेल, म्हणजे जिथे ते दांडीला बसतं तिथेच कमकुवत असेल, तर ते पाण्यावर नेऊ नका. मॅग्नेशियमची बॉडी आतून भुगा होत असेल आणि आटे हाताने चुरत असतील तरीही थांबा. अशा रिळांतले गिअर, हँडल, स्प्रिंगा, स्क्रू काढून, तेल लावून, नावाची चिठ्ठी घालून डबीत ठेवा. त्याच मॉडेलचं दुसरं रीळ हाती आलं की त्याला नेमका तोच एक खटका कमी असतो.